कॅनडाचं साहित्य : दप्तरातून कादंबरीकडे

जुलै १७७१. कॅनडाच्या पार उत्तरेला, कॉपरमाइन नदीच्या मुखापासून थोडं वर, एका धबधब्याजवळ काही इन्युइट कुटुंबांचा तळ पडला आहे. वेळ रात्रीची, पण तिकडच्या उन्हाळ्यामुळे सूर्य मावळलेला नाही. कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीचा सॅम्युएल हर्न हा तरुण नोकर आपल्या डेने जमातीच्या सोबत्यांबरोबर तिथे पोचतो. कंपनीने त्याला तांब्याचा माग काढायला धाडलं आहे. सोबत्यांचा बेत वेगळाच आहे. झोपलेल्या तळावर ते तुटून पडतात आणि वीसेक माणसं मारतात. हर्न बाजूला उभा राहून पाहतो. अठराएक वर्षांची एक मुलगी भाला लागून त्याच्या पायाशी कोसळते, त्याच्या पायांना विळखा घालते आणि तिथेच मारली जाते.

निदान हर्नच्या पुस्तकात तरी असं आहे. ते पुस्तक १७९५ मध्ये लंडनला निघालं, म्हणजे घटनेनंतर २४ वर्षांनी आणि हर्न वारल्यावर ३ वर्षांनी. प्रवासातल्या मूळ टिपणांवरून केलेल्या ज्या नकला शिल्लक आहेत त्या अभ्यासकांनी पुस्तकाशी ताडून पाहिल्या, तेव्हा टिपणं पुष्कळच त्रोटक निघाली. पुस्तकातलं ते अंगावर येणारं चित्र बरंचसं मागाहून रंगवलेलं असावं, असं त्यांचं मत पडलं. रंग हर्नने स्वतः भरले की छापणाऱ्याच्या पदरच्या कुणा लेखनिकाने, यावर वाद आहे. असं होणं त्या काळी नवलाचं नव्हतं. १७९३ मध्ये जमिनीवरून पॅसिफिकपर्यंत पोचलेल्या अलेक्झांडर मॅकेन्झीचं प्रवासवर्णन १८०१ मध्ये आलं, तेव्हा त्यावर विल्यम कोंब या धंदेवाईक लेखकाने हात फिरवला होता.

कॅनेडियन साहित्याचा अभ्यासक्रम बहुधा अशा पुस्तकांपासून सुरू होतो. कार्तिए, शांप्लें, जेझुइट पाद्री, हर्न, मॅकेन्झी, फ्रँकलिन. साहित्याच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न पडतो तो रास्तच असतो : हे साहित्य आहे का? हे तर मालकाला पाठवलेले अहवाल. किती कातडी मिळतील, नदी कुठे वळते, कुठली जमात कुणाशी वैर धरून आहे. मला वाटतं, प्रश्न उलट बाजूने घ्यावा. या देशात इंग्रजी-फ्रेंच लिखाणाची सुरुवात महाकाव्यातून किंवा भजनातून झाली नाही, ती हिशेबाच्या वहीतून झाली. आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या तिथल्या उत्तम कादंबऱ्यांपैकी बऱ्याच त्याच वह्या पुन्हा उघडून, त्यांच्यावर अविश्वास दाखवून लिहिल्या गेल्या आहेत. म्हणून हे साहित्य कालक्रमाने वाचण्यापेक्षा जोड्यांनी वाचावं. एक जुनं कागदपत्र, एक नवं पुस्तक.

अर्थात ‘सुरुवात’ म्हणतानाही जरा सांभाळून म्हणायला हवं. कार्तिए हा फ्रेंच दर्यावर्दी १५३४ मध्ये सेंट लॉरेन्सच्या आखातात शिरला तेव्हा त्या किनाऱ्यांवर हजारो वर्षांच्या कथा, वंशावळी, गाणी, करारांच्या आठवणी तोंडी चालत होत्या. छापील पुस्तकांच्या यादीत त्यांना जागा नव्हती, एवढंच. आणि खुद्द हर्नचा प्रवास तरी कुणाच्या जोरावर झाला? त्याचे पहिले दोन प्रयत्न फसले. तिसऱ्या वेळी मातोनाबी नावाचा डेने नायक वाटाड्या झाला, आणि त्याने आधीच्या अपयशाचं कारण स्वच्छ सांगितलं : तुमच्याबरोबर बायका नव्हत्या. ओझी वाहायची, तंबू उभारायचे, कपडे शिवायचे, स्वयंपाक करायचा, हे सगळं त्याच करतात. त्यांच्याशिवाय या मुलखात लांबचा प्रवास होतच नाही. हर्नने हे प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. त्या बायकांना काय वाटत होतं, हे मात्र अहवालात यायचं कारण नव्हतं.

रूडी वीब या कादंबरीकाराने नेमकी अशीच एक फट हेरली. जॉन फ्रँकलिन या इंग्रज नौदल अधिकाऱ्याची पहिली जमिनीवरची मोहीम १८१९ ते १८२२ या काळातली. तिच्यात निम्म्याहून जास्त माणसं भुकेने, थंडीने किंवा एकमेकांच्या हातून मेली. मोहिमेतल्या रॉबर्ट हूड या तरुण अधिकाऱ्याने एका डेने मुलीचं चित्र काढलं होतं. गोऱ्यांनी तिचं नाव ठेवलं ग्रीनस्टॉकिंग्ज. फ्रँकलिनच्या ग्रंथात ती ओझरती येते. वीबच्या ‘अ डिस्कव्हरी ऑफ स्ट्रेंजर्स’ या १९९४ च्या कादंबरीत ती मध्यभागी आहे, आणि शोध कोण कुणाचा लावतंय ही गंमत नावापासूनच सुरू होते. बर्फात जड पेट्या ओढणारी, शिकार न येणारी, सतत काहीतरी लिहीत बसणारी ही परकी माणसं तिच्या लोकांना कशी दिसली असतील, ते वीब दाखवतो.

फ्रँकलिनची शेवटची मोहीम याहून गाजली. १८४५ मध्ये ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजं १२९ माणसांसह पॅसिफिककडे जाणारा वायव्य सागरमार्ग शोधायला गेली आणि परत आली नाहीत. १८५४ मध्ये हडसन्स बे कंपनीच्याच डॉ. जॉन रे याने इन्युइट लोकांकडून ऐकलेली हकिगत लंडनला कळवली : गोरी माणसं उपासमारीने मेली, आणि शेवटी शेवटी त्यांनी आपल्याच मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं. लंडनमध्ये गहजब झाला. खुद्द चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकात लेख लिहून ही साक्ष उडवून लावली. रानटी लोकांच्या सांगण्यावर विश्वास कसा ठेवायचा, असा त्याचा एकूण सूर. नंतर सापडलेल्या हाडांवर सुरीच्या खुणा निघाल्या. ‘एरेबस’ २०१४ मध्ये सापडलं ते इन्युइट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते त्याच टापूत, आणि ‘टेरर’ २०१६ मध्ये ग्योआ हेवन गावच्या एका इन्युइट माणसाने दिलेल्या माहितीवरून. कादंबरीकारांनी मात्र या मोहिमेचा पिच्छा आधीपासूनच पुरवला होता. मॉर्डेकाय रिचलरने तर ‘सॉलोमन गर्स्की वॉज हिअर’ मध्ये एका ज्यू बिलंदराला थेट फ्रँकलिनच्या जहाजावर चढवून दिलं आणि साऱ्या राष्ट्रीय दंतकथेची टर उडवली.

जोडीने वाचण्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मात्र बर्फातलं नाही. ते ओंटारिओमधल्या एका घराच्या तळघरातलं आहे.

सुझना मूडी ही इंग्लंडमधली लेखिका १८३२ मध्ये नवऱ्याबरोबर कॅनडाला आली. तिकडे जमीन स्वस्त, हवा छान, दोन-चार वर्षांत माणूस सुखवस्तू होतो, असली जाहिरातबाजी तेव्हा जोरात होती. मूडी कुटुंब जंगलात जाऊन बसलं आणि पुरतं पोळलं. त्यातून ‘रफिंग इट इन द बुश’ हे पुस्तक १८५२ मध्ये आलं : आपल्यासारख्या घरच्या लोकांनी इकडे येऊ नये, हे बजावण्यासाठी. गंमत अशी की तिची सख्खी बहीण कॅथरिन पार ट्रेल जवळच राहत होती, त्याच हालांतून जात होती, आणि तिची पुस्तकं मात्र मेपलची साखर कशी करावी, पाव कसा भाजावा, रानफुलं कशी ओळखावीत हे उत्साहाने सांगतात. एकच जंगल, दोन बहिणी. अभ्यासाला बसणाऱ्याने या दोघींपासून सुरुवात केली तरी चालेल.

मूडीने पुढल्या वर्षी ‘लाइफ इन द क्लिअरिंग्ज’ हे दुसरं पुस्तक लिहिलं. त्यात किंग्स्टनच्या तुरुंगाला दिलेल्या भेटीची हकिगत आहे. तिथे तिने ग्रेस मार्क्स पाहिली. ग्रेस ही आयरिश मोलकरीण. १८४३ मध्ये, ती सोळा वर्षांची असताना, तिचा मालक टॉमस किनिअर आणि त्याची घरकारभारीण नॅन्सी माँटगोमेरी यांचा खून झाला. नोकर जेम्स मॅकडरमॉट फासावर गेला. ग्रेसची फाशी जन्मठेपेवर आली. मूडीने कथा तिखटमीठ लावून सांगितली : ग्रेस मत्सराने पेटलेली, मॅकडरमॉटला तिनेच चिथावलेलं, नॅन्सीच्या प्रेताचे चार तुकडे केलेले.

मार्गारेट ॲटवूडला मूडीचं वेड होतं. १९७० मध्ये तिने मूडीच्या मनात शिरून ‘द जर्नल्स ऑफ सुझना मूडी’ हा कवितासंग्रह लिहिला. मग ग्रेसच्या प्रकरणावर दूरचित्रवाणीसाठी नाटक लिहिलं, तेही मूडीवर भरवसा ठेवून. पुढे त्या काळची वर्तमानपत्रं, तुरुंगाच्या नोंदी, खटल्याचे कागद तिने स्वतः चाळले आणि लक्षात आलं की बाईंनी बरंच पदरचं घातलं आहे. प्रेताचे तुकडे वगैरे झालेलेच नव्हते. ग्रेसचे तर स्वतःचेच कबुलीजबाब एकमेकांशी जुळत नव्हते. यातून १९९६ ची ‘ॲलियस ग्रेस’ ही कादंबरी आली. तिच्या प्रत्येक भागाला गोधडीच्या एकेका नक्षीचं नाव आहे आणि सुरुवातीला जुन्या कागदपत्रांतले तुकडे लावले आहेत. जे पक्कं माहीत आहे ते बदलायचं नाही, जिथे नोंदच नाही तिथे कल्पनेला मोकळीक, हा नियम ॲटवूडने शेवटच्या टिपणात सांगून टाकला आहे. खुनात ग्रेसचा हात होता की नाही, ते कादंबरी ठरवत नाही. मला विचाराल तर ‘हँडमेड्स टेल’ च्या गाजावाजात ॲटवूडचं हे जास्त कसलेलं पुस्तक थोडं झाकलं गेलं.

मधल्या काळातल्या कॅनडाला आपल्याला साहित्य आहे की नाही याचीच शंका होती. १८३९ मध्ये लॉर्ड डरहॅम या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या अहवालात फ्रेंच कॅनेडियन लोकांना ना इतिहास ना साहित्य, असा शेरा मारला होता. तो इतका झोंबला की फ्रांस्वा-झेव्हिए गार्नो या नोटरीने १८४५ पासून कॅनडाच्या इतिहासाचे खंड काढायला सुरुवात केली. तिथून क्वेबेकची धारा आपल्या वाटेने वाहत राहिली. १९४५ मध्ये गॅब्रिएल रुआने माँट्रियालच्या सें-आंरी वस्तीतल्या गरिबीवर ‘बोन्यूर दोकाझ्यों’ लिहिली. १९६८ मध्ये मिशेल त्रांब्लेच्या ‘ले बेल-सर’ या नाटकात त्याच शहरातल्या बायका रस्त्यावरच्या रांगड्या बोलीत भांडल्या आणि प्रतिष्ठितांच्या भुवया उंचावल्या. या धारेला दोन-चार ओळींत उरकणं हा तिच्यावर अन्याय आहे. पण इंग्रजीतून शिकवलं जाणारं कॅनेडियन साहित्य तो सर्रास करतं.

इंग्रजी बाजूची शंका सरकारी पैशाने दूर केली, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. कला-संस्कृतीची पाहणी करणाऱ्या सरकारी मॅसी आयोगाचा अहवाल १९५१ चा, त्यातून १९५७ ची कॅनडा कौन्सिल. जुनी पुस्तकं स्वस्तात पुन्हा छापणारी ‘न्यू कॅनेडियन लायब्ररी’ १९५८ मध्ये सुरू झाली. शिकवायला पुस्तकं मिळू लागली, तेव्हा कुठे विद्यापीठांत विषय रुजला. मग सिद्धान्त आले. नॉर्थ्रॉप फ्राय या समीक्षकाने १९६५ मध्ये मांडलं की कॅनेडियन मन हे गढीत राहणाऱ्या माणसाचं मन आहे : भोवती अफाट, बेपर्वा निसर्ग आणि आत भेदरलेली, शिस्तीला चिकटून राहिलेली छोटी वस्ती. ॲटवूडने १९७२ मध्ये ‘सर्व्हायव्हल’ हे पुस्तक काढून हाच धागा खेचला : कसंबसं तगून राहणं हे या साहित्याचं मुख्य सूत्र. पुस्तक खुसखुशीत आहे आणि विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्या त्यावर पोसल्या. पण दोन्ही सिद्धान्तांत एक गोष्ट राहून गेली. गढीच्या बाहेर फक्त निसर्ग नव्हता, माणसंही राहत होती. आणि गढी बांधणाऱ्यांत सगळ्यांना आत जागा मिळाली नव्हती.

रेल्वेचंच घ्या. देश जोडणाऱ्या कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा ७ नोव्हेंबर १८८५ रोजी क्रेगेलाकी इथे ठोकला गेला. कोट-टोप्या घातलेल्या दाढीवाल्यांचा तो फोटो तिथल्या पाठ्यपुस्तकांत असतोच. ई. जे. प्रॅट या मान्यवर कवीने १९५२ मध्ये त्यावर दीर्घकाव्य लिहिलं. त्याला एफ. आर. स्कॉट या कायद्याच्या प्राध्यापक-कवीने अवघ्या काही ओळींच्या कवितेने उत्तर दिलं : बाकीचे खिळे ज्यांनी ठोकले ते चिनी मजूर तुमच्या काव्यात कुठे आहेत? पंधरा हजारांच्या आसपास चिनी मजूर त्या मार्गावर राबले होते. काम संपलं त्याच वर्षी सरकारने देशात येणाऱ्या चिनी माणसावर डोईपट्टी बसवली : आधी ५० डॉलर, १९०३ पर्यंत ५००. दीर्घकाव्य आज अभ्यासकांपुरतं उरलं आहे. ती छोटी कविता जिवंत आहे.

याच आडनावाचा आणखी एक कवी आहे, आणि त्याला टाळून पुढे जाता येत नाही. डंकन कॅम्पबेल स्कॉट. मूळ रहिवाशांवर हळुवार, करुण कविता लिहिणारा हा माणूस १९१३ ते १९३२ त्याच लोकांचं भवितव्य ठरवणाऱ्या सरकारी खात्याचा मुख्य अधिकारी होता. मुलांना आईबापांपासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळा याच खात्याच्या अखत्यारीत होत्या. त्यांत मुलं क्षयाने मरत आहेत, असा डॉ. ब्राइस या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचा अहवाल १९०७ मध्ये आला होता. तरी १९२० मध्ये स्कॉटच्या कारकिर्दीत हजेरी सक्तीची झाली. एकूण दीड लाखांच्या आसपास मुलं या शाळांतून गेली. लोप पावणाऱ्या जमातीबद्दल हळहळणारी त्याची कविता आणि त्याच्याच सहीचा सरकारी कागद शेजारी ठेवले, की त्या हळहळीचा वेगळाच वास येऊ लागतो. रिचर्ड वॅगमीसची ‘इंडियन हॉर्स’ ही २०१२ ची कादंबरी अशाच एका शाळेतल्या, हॉकीत जीव रमवणाऱ्या मुलाची आहे. ती स्कॉटच्या कवितांनंतर लगेच वाचावी.

एकदा ही नजर आली की दप्तर आणि कादंबरी यांच्या जोड्या सगळीकडे दिसू लागतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर १७८३ मध्ये इंग्रजांच्या बाजूचे सुमारे ३,००० कृष्णवर्णीय न्यूयॉर्क सोडून निघाले, बहुतेक नोव्हा स्कोशियाकडे. त्यांची नावं, वय, अंगावरच्या खुणा एका नोंदवहीत टिपल्या गेल्या. लॉरेन्स हिलच्या २००७ च्या कादंबरीला त्या वहीचंच नाव आहे, ‘द बुक ऑफ नीग्रोज’. तिची नायिका ही वही लिहायला बसते. टोराँटोचा ब्लोर स्ट्रीटवरचा भव्य पूल १९१८ मध्ये खुला झाला. मायकेल ओंडात्जी कागद चाळायला गेला तेव्हा त्याला वाळूचा हिशेब मिळाला, बांधणारी माणसं मिळाली नाहीत. मग त्याने ‘इन द स्किन ऑफ अ लायन’ (१९८७) मध्ये मॅसिडोनियन, फिनिश, इटालियन स्थलांतरितांचं टोराँटो उभं केलं. जॉय कोगावाची ‘ओबासान’ १९८१ ची. दुसऱ्या महायुद्धात एकवीस-बावीस हजार जपानी वंशाच्या लोकांना किनाऱ्यावरून उठवून छावण्यांत टाकलं, घरंदारं विकून टाकली. कोगावा स्वतः तेव्हा लहान मुलगी होती. कादंबरीत मावशी अर्ज, पत्रं, कात्रणं साठवत राहते, तर काकू काहीच बोलत नाही. १९८८ मध्ये सरकारने माफी मागितली तेव्हा संसदेत या पुस्तकातला उतारा वाचला गेला.

ॲलिस मन्रोने हाच खेळ एका कथेत खेळला आहे, आणि सगळ्यांपेक्षा नाजूकपणे. ‘मेनेसेटुंग’ मध्ये निवेदिका एका छोट्या गावातल्या एकोणिसाव्या शतकातल्या कवयित्रीचं आयुष्य तिच्या पुस्तकातून आणि गावच्या वर्तमानपत्रातल्या कुचक्या बातम्यांतून जुळवत जाते. आपण त्यात गुंततो, आणि शेवटी ती म्हणते, मी हे चुकीचंही समजले असेन. नोबेल मिळालेल्या मन्रोची एकच कथा वाचायची असेल तर मी ही सुचवेन.

मुंबईकर वाचकाला या सगळ्यात एक ओळखीचं दार आहे. रोहिंटन मिस्त्री १९७५ मध्ये मुंबईहून टोराँटोला गेला, बँकेत नोकरी करत लिहू लागला. ‘टेल्स फ्रॉम फिरोजशा बाग’ (१९८७) या संग्रहातल्या ‘स्विमिंग लेसन्स’ या शेवटच्या कथेत टोराँटोतल्या इमारतीत राहणाऱ्या मुलाच्या गोष्टींचं हस्तलिखित मुंबईच्या घरी येऊन पडतं आणि आईबाप ते वाचत बसतात. इथे नोंदवही त्याच्या हातात आहे आणि परीक्षक घरचे आहेत. त्यांना सर्वांत आवडते ती शेवटची गोष्ट, कारण तिच्यात कॅनडा जास्त आहे. कॅनडाच्या समीक्षकांना मात्र पुढे प्रश्न पडला : मुंबईवर लिहिणारा हा लेखक आपला कसा? गव्हर्नर जनरल पुरस्कार आणि गिलर पुरस्कार देऊन त्यांनी तो मिटवला. ज्या मुंबईवर त्याने लिहिलं, तिथल्या विद्यापीठाने २०१० मध्ये ‘सच अ लाँग जर्नी’ शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेच्या आक्षेपानंतर अभ्यासक्रमातून काढली. अशा वेळी ‘कुठल्या देशाचं साहित्य’ हा प्रश्न जरा फिजूल वाटू लागतो.

मूळ रहिवाशांचं लिखाण आता कुठल्याही अभ्यासक्रमाच्या केंद्रात आहे, पण तिथवरची वाट सरळ नव्हती. मितिआर्जुक नप्पालुक या इन्युइट बाईने १९५० च्या दशकात इनुक्टिटूट भाषेत ‘सनाक’ ही कादंबरी लिहायला घेतली. तोवर तिने एकही कादंबरी वाचलेली नव्हती. पुस्तक १९८४ मध्ये छापलं गेलं, इंग्रजीत यायला २०१४ उजाडलं. जोसेफ बॉयडनने जेझुइट पाद्र्यांच्या सतराव्या शतकातल्या वार्षिक अहवालांच्या जगावर ‘द ओरेंडा’ (२०१३) लिहिली, त्यात वेंडाट लोकांचा आवाज प्रथमपुरुषी आणला, भरपूर वाहवा मिळवली. तीन वर्षांनी त्याच्या स्वतःच्या मूलनिवासी असण्याच्या दाव्यावरच प्रश्नचिन्ह लागलं. दुसऱ्याच्या वतीने कोण बोलणार, हा वाद आता कादंबरीकारांच्या दारात आला आहे.

आणि मारिया कॅम्पबेल. सस्कॅचवनच्या या मेटिस (मूलनिवासी-युरोपीय मिश्रवंशी) लेखिकेचं ‘हाफब्रीड’ हे आत्मचरित्र १९७३ मध्ये आलं आणि तिथल्या मूलनिवासी लेखनाला तोंड फुटलं. तिच्यावर किशोरवयात घरात शिरलेल्या पोलिसांनी केलेल्या अत्याचाराचा भाग प्रकाशकाने कायद्याच्या भीतीने, तिला न जुमानता, काढून टाकला होता. पुस्तक तसंच पंचेचाळीस वर्षं वाचलं गेलं, शिकवलं गेलं, त्यावर प्रबंध झाले. मग मॅकमास्टर विद्यापीठात ठेवलेल्या प्रकाशकाच्या जुन्या कागदांत संशोधकांना ती पानं सापडली. २०१९ च्या आवृत्तीत ती परत घातली आहेत. जुन्या बाजारात ‘हाफब्रीड’ ची जुनी प्रत हाती लागली तर घ्यायला हरकत नाही, पण वाचायला २०१९ नंतरचीच घ्यावी.